टाकीत किती तास आहेत? छोट्या विमानात इंधन संपू नये म्हणून नव्या पायलटांसाठी मार्गदर्शक

छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडण्याची जी कारणं आहेत, त्यांत इंधन संपणं हे टाळायला सगळ्यात सोपं. तरीही ते घडतं, आणि पुन्हा पुन्हा घडतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, 2011 ते 2015 या काळातले अपघात पाहिले तेव्हा इंधन नीट न सांभाळल्यामुळे झालेले अपघात वर्षाला सरासरी 50 हून जास्त निघाले. त्यांतल्या 95 टक्के अपघातांना पायलटची चूक कारणीभूत होती. विद्यार्थी पायलट त्यात फक्त 2 टक्के. जवळजवळ निम्म्या पायलटांकडे कमर्शियल किंवा त्याच्याही वरचं लायसन्स होतं.

नव्याने लायसन्स मिळालेल्यांना मी हे आकडे मुद्दाम सांगतो. शिकत असताना उड्डाणं तासा-दीड तासाची असतात, टाक्यांवर प्रशिक्षकाची नजर असते आणि विमान बहुतेक वेळा भरूनच मिळतं. हिशोबाची सवय लागावी अशी वेळच येत नाही. मग लायसन्स मिळतं, मागच्या सीटवर मित्र बसतात, प्रवास तीन तासांचा होतो आणि तोवर कधीच न केलेला हिशोब एकदम गरजेचा होतो. तो कसा करायचा ते खाली क्रमाने दिलं आहे. उदाहरणासाठी सेस्ना 172 एस हे चार सीटचं विमान धरलं आहे. तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी हे जवळ ठेवा

- तुम्ही उडवणार आहात त्याच विमानाचं हँडबुक, मागच्या पुरवण्यांसकट. टाक्या बदललेल्या किंवा वाढवलेल्या असतील तर ते पुरवणीतच सापडतं.
- वजन आणि समतोलाचा चालू कागद.
- त्याच मॉडेलच्या टाकीसाठी खुणा केलेली डिपस्टिक. दुसऱ्या मॉडेलची डिपस्टिक बिनधास्त खोटं सांगते.
- इंधनाचा नमुना काढायचा पारदर्शक कप, आणि पंख वर असलेल्या विमानासाठी छोटी शिडी.
- वरच्या हवेतल्या वाऱ्यांचा ताजा अंदाज.
- वाटेतल्या विमानतळांची माहिती: कुठलं इंधन मिळतं, पंप किती वाजेपर्यंत चालू असतो, नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचनांत) काय आहे.
- टायमर असलेलं घड्याळ, आणि इंधनाचा रकाना असलेला फ्लाइट लॉग.

1. इंधन संपणं आणि इंजिनपर्यंत न पोचणं

बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, प्रोपेलर थंडावतो आणि विमान खाली येऊ लागतं. पहिल्या प्रकारात वापरता येण्याजोगं इंधन विमानात उरलेलंच नसतं. दुसऱ्यात ते असतं, पण इंजिनपर्यंत जात नाही: सिलेक्टर (टाकी निवडायचा खटका) रिकाम्या टाकीवर राहिलेला, व्हेंट (टाकीत हवा येण्याची नळी) तुंबलेला, लाइनमध्ये पाणी. एनटीएसबीच्या त्याच अभ्यासात इंधनाशी संबंधित अपघातांपैकी 56 टक्के पहिल्या प्रकारचे होते आणि 35 टक्के दुसऱ्या. पहिल्यावर उपाय जमिनीवर होतो, दुसऱ्यावर बराचसा हवेतल्या सवयींनी. म्हणून दोन्हींची तयारी वेगळी करावी लागते.

2. टाकीवरचा आकडा आणि वापरता येणारा आकडा

172 एसच्या दोन्ही टाक्या मिळून 56 अमेरिकन गॅलन इंधन मावतं, पण वापरता येतं 53 गॅलन, म्हणजे साधारण 200 लिटर. उरलेले 3 गॅलन तळाशी असे राहतात की इंजिनला ते मिळतील याचा भरवसा धरता येत नाही. हिशोबात त्यांना जागाच नाही. ते वजनात मात्र मोजायचे.

एककाचा घोळ इथेच सुरू होतो. हँडबुक गॅलनमध्ये, पंप लिटरमध्ये, वजनाचा कागद पाउंडात किंवा किलोत. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, इंपीरियल गॅलन 4.546 लिटरचा. एव्हगॅसचं, म्हणजे या विमानांच्या पेट्रोलचं, वजन लिटरला साधारण 0.72 किलो, अमेरिकन गॅलनला 6 पाउंड. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाचं बोइंग 767 कॅनडावर उडत असताना दोन्ही इंजिनं बंद पडली, कारण इंधनाचं वजन काढताना किलोच्या जागी पाउंडाचा गुणक, 1.77, वापरला गेला होता आणि गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरलं गेलं होतं. ते विमान तरंगत जाऊन गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरलं. दोन पायलट आणि जमिनीवरचे कर्मचारी मिळून जी चूक करू शकतात, ती एकटा माणूस घाईत सहज करेल. एकच एकक निवडा, सगळे आकडे त्यातच लिहा, आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायला विसरू नका.

आता प्रवासी. 80 किलोचा एक माणूस म्हणजे वजनाच्या भाषेत 111 लिटर एव्हगॅस. 172 एस ताशी 38 लिटर खातं असं धरलं तर एक मित्र वाढला की जवळजवळ 3 तास कमी होतात, अर्थात वजनाची मर्यादा आधीच गाठलेली असेल तर. चार सीट आहेत आणि टाक्याही मोठ्या आहेत, म्हणून दोन्ही एकदम भरता येतील असं समजू नका. चौघं मोठी माणसं बसवायची तर टाक्या अर्धवट ठेवाव्या लागतात, आणि अर्धवट टाकीत नक्की किती आहे हे सांगणं काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा कितीतरी अवघड. इंधनाच्या अपघातांची वाट इथून जाते.

3. तुमच्या विमानाचा खरा खप काढा

हँडबुकमधला खपाचा तक्ता नव्या इंजिनाचा असतो, आणि पायलटने मिक्स्चर (हवा आणि इंधनाचं मिश्रण) सांगितल्याप्रमाणे लीन केलं आहे, म्हणजे त्यातलं इंधन कमी केलं आहे, असं धरून केलेला असतो. मिक्स्चर पूर्ण रिच ठेवून उडणाऱ्याला तो तक्ता लागू नाही. शिकताना बराच वेळ सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत), खालच्या उंचीवर जातो, त्यामुळे लीन करण्याची सवय लागत नाही. लांबच्या प्रवासात हीच गोष्ट इंधन खाते. प्रशिक्षकासोबत एक उड्डाण फक्त लीनिंगसाठी ठेवा. पैसे वसूल होतात.

खरा खप असा काढतात: विमान सपाट जागेवर उभं करून टाक्या एका ठरावीक खुणेपर्यंत भरा. नेहमीच्या पॉवरवर प्रवास करा. परत आल्यावर त्याच जागी, त्याच खुणेपर्यंत भरा, आणि जितके लिटर लागले त्यांना इंजिन चालू असलेल्या तासांनी भागा. एका उड्डाणावर विसंबू नका. काही वेगवेगळ्या प्रवासांचे आकडे जमले की त्यांतला सगळ्यात मोठा घ्या. सरासरी घेऊ नका, कारण सरासरी म्हणजे निम्म्या वेळा तुम्ही कमी धरणार.

इथे एक सापळा आहे. टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या यंत्राचा, थोडक्यात टॅकचा) तास हा घड्याळाचा तास नसतो. टॅक ठरावीक आरपीएमलाच खऱ्या वेळेने चालतो, टॅक्सीत आणि कमी पॉवरवर तो मागे पडतो. घड्याळाच्या तासावर काढलेला खप टॅकच्या तासांनी गुणला तर गेलेलं इंधन कमी भरतं. भाड्याच्या विमानात आधीच्या माणसाने टॅक किती फिरवला यावरून टाकीत काय उरलं ते ताडणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका.

4. प्रवास मिनिटांत मोजा

समजा 300 नॉटिकल मैल जायचं आहे आणि हवेतला वेग 115 नॉट, म्हणजे ताशी 115 नॉटिकल मैल, आहे. वारा नसेल तर 2 तास 36 मिनिटं. समोरून 20 नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग 95, आणि तोच प्रवास 3 तास 9 मिनिटांचा. फरक 33 मिनिटांचा. अमेरिकेचा नियम दिवसा व्हीएफआर (बाहेर नजरेने बघत केलेल्या) उड्डाणासाठी 30 मिनिटांचा राखीव साठा मागतो आणि रात्री 45 मिनिटांचा. इतर अनेक देशांत आकडे याच्या आसपास आहेत. म्हणजे 20 नॉटच्या साध्या वाऱ्याने दिवसाचा सगळा कायदेशीर साठा गिळला, तोही कुठला ढग किंवा वळसा न येता.

जाताना समोरून तर येताना पाठीवरून, मग हिशोब बरोबरीत सुटेल, असं वाटतं. सुटत नाही. येताना 135 नॉटने 2 तास 13 मिनिटं लागतात. दोन्ही मिळून वारा नसतानाच्या प्रवासापेक्षा 9-10 मिनिटं जास्तच होतात, कारण वाऱ्याशी झगडण्यात जास्त वेळ जातो.

आता हेच उदाहरण मित्रांसकट पाहा. वजनामुळे वापरता येणारं 130 लिटरच नेता येतंय. सुरुवात, टॅक्सी आणि चढाईचं जादा इंधन 8 लिटर धरा. उरले 122, म्हणजे 3 तास 12 मिनिटं. वारा नसेल तर उतरताना 36 मिनिटं शिल्लक, कायद्यात बसतं. 20 नॉटचा वारा आला की शिल्लक 3 मिनिटं. कागदावर दोन्ही बेत अगदी सारखे दिसतात.

5. चाकं जमिनीवर लागण्याची वेळ आधीच लिहा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. 30 मिनिटं हा कायद्याचा तळ आहे. तो आराखडा धरून निघालं तर उड्डाण संपताना तुम्ही अशा गेजकडे बघत असता ज्याचे काटे तळाजवळ नाचतायत. मी दिवसा 1 तास धरतो. अनोळखी विमान असेल किंवा उतरण्याच्या ठिकाणी एकच धावपट्टी असेल तर त्याहून जास्त.

वरच्या उदाहरणात 122 लिटरमधून 1 तासाचे 38 काढले तर उरतात 84, म्हणजे 2 तास 12 मिनिटं. 95 नॉटने एवढ्या वेळात 210 मैल होतात. म्हणजे 300 मैलांचा हा प्रवास एका दमात होतच नाही. वाटेत उतरून भरावं लागणार, आणि कुठे ते आत्ता, टेबलाशी बसून ठरवायचं.

टेकऑफ 9:00 ला असेल तर लॉगच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा: 11:10, चाकं जमिनीवर. कुठेही. ठरलेलं ठिकाण दिसत असलं तरी. ही वेळ हवेत बदलायची नाही, कारण हवेत तुमच्या बाजूने बोलणारं फार काही असतं: पुढच्या ठिकाणी इंधन स्वस्त आहे, मागचे लोक कंटाळलेत, घर अर्ध्या तासावर आहे, वारा पडेलसं वाटतंय. जमिनीवर घेतलेला निर्णय यांतल्या कशाचाच विचार करत नाही, म्हणून तो बरा.

थांब्याच्या ठिकाणी फोन करून पंप चालू आहे ना आणि एव्हगॅस आहे ना हे विचारा. पंप बंद आहे म्हणून तसंच पुढे निघालेल्या विमानांच्या कहाण्या अपघात अहवालांत जागोजागी सापडतात.

6. टाकीत डोळ्यांनी बघा

विमान सपाट जागेवर आहे ना ते आधी पाहा. उतारावर एक टाकी भरलेली दिसते आणि दुसरी रिकामी. सेस्नामध्ये सिलेक्टर बोथवर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, ठेवून उतारावर उभं केलं तर वरच्या टाकीतलं इंधन खालच्या टाकीत जातं आणि व्हेंटमधून बाहेरही पडतं. उभं करताना डावी किंवा उजवी निवडा.

शिडी लावा, झाकण उघडा, डिपस्टिक घाला, आकडा लिहा. पायपर वॉरियरसारख्या विमानांत टाकीच्या तोंडात धातूची पट्टी असते. इंधन पट्टीच्या तळापर्यंत असेल तर त्या टाकीत 17 गॅलन. पट्टीच्याही खाली गेलं तर नुसत्या नजरेने अंदाज करू नका.

मग तीन आकडे शेजारी मांडा: डिपस्टिक, मागच्या उड्डाणानंतरची नोंद वजा झालेला खप, आणि गेज. तिघांचं जमत नसेल तर कोण खोटं बोलतंय हे कळेपर्यंत निघू नका. इंधन भरल्याची पावती म्हणजे टाकी पाहणं नव्हे. आणि "मी भरायला सांगितलं होतं" हे तर मुळीच नव्हे.

झाकण स्वतःच्या हाताने लावा. पंखाच्या वरच्या बाजूला दाब कमी असतो, त्यामुळे सैल झाकणातून इंधन शोषलं जाऊन बाहेर पडतं. पंखावर निळा ओघळ दिसला तर हेच चाललंय. 100 एलएल हे एव्हगॅस निळं असतं, जेट इंधन फिक्कट पिवळसर. एव्हगॅसवर चालणाऱ्या इंजिनात जेट इंधन पडलं तर लाइनमध्ये उरलेल्या चांगल्या इंधनावर ते सुरू होतं, टॅक्सीही करतं, आणि टेकऑफनंतर दगा देतं. म्हणून भरताना समोर उभे राहा आणि नंतर नमुना काढा.

7. हवेत: घड्याळ, सिलेक्टर, गेज

दर 30 मिनिटांनी लॉगमध्ये एक ओळ: वेळ, जमिनीवरचा वेग, उरलेलं इंधन तासांत, ठिकाणाला लागणारा वेळ. पहिल्या दोन ओळींतच वाऱ्याचा अंदाज खरा की खोटा ते कळतं, आणि तेव्हा पर्यायही भरपूर असतात.

गेजबद्दल माझा नियम साधा आहे. ते कमी दाखवत असेल तर खरं धरा. जास्त दाखवत असेल तर घड्याळावर विश्वास ठेवा. तरंगत्या गोळ्यावर चालणारी ही जुनी यंत्रणा हेलकाव्यांत भरकटते, पण "छोट्या विमानांची गेज अशीच असतात" म्हणून खाली चाललेल्या काट्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला झाकणातून वाहून जाणारं इंधन कधीच कळणार नाही. डिजिटल फ्युएल टोटलायझर तर आणखी फसवा. तो टाकीत बघत नाही. सुरुवातीला तुम्ही दिलेल्या आकड्यातून तो इंजिनकडे गेलेलं वजा करत राहतो. सुरुवातीची शिल्लक चुकीची लिहिलेल्या खातेवहीसारखं, खालचं गणित कितीही बरोबर असलं तरी उत्तर चुकीचंच.

बोथची सोय नसलेल्या विमानांत टाकी बदलण्यासाठी टायमर लावा आणि प्रत्येक बदल लिहा. इलेक्ट्रिक पंप चालू करा, सिलेक्टर फिरवा, तो खाचेत बसल्याचं बोटांना जाणवलं पाहिजे, मग थोडा वेळ फ्युएल प्रेशरवर नजर ठेवा. हे उंचावर आणि शक्यतो एखाद्या विमानतळाच्या आवाक्यात असताना करा. टेकऑफच्या तोंडावर किंवा फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) टाकी बदलू नका.

सिलेक्टरपर्यंत हात पोचतो का, हे विमान उभं असताना बघा, पट्टे बांधून. 12 ऑक्टोबर 1997 रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचं लाँग-ईझेड कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ समुद्रात कोसळलं. त्या घरी बांधलेल्या विमानात सिलेक्टर पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागे बसवलेला होता. तो फिरवायला वळताना उजवं रडर दाबलं जाऊन विमानावरचा ताबा सुटला, असा एनटीएसबीचा निष्कर्ष होता. निघण्यापूर्वी त्यांनी इंधन भरून घेतलं नव्हतं. त्यांच्या नावावर हजारो तासांचा अनुभव होता.

8. कमी पडतंय असं वाटलं तर

लगेच जवळचा विमानतळ गाठा. वेग वाढवून लवकर पोचण्याचा मोह होतो, त्याने खप वाढतो. पॉवर कमी करा, मिक्स्चर लीन करा, एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगा.

सांगण्याचे शब्द ठरलेले आहेत. "मिनिमम फ्युएल" म्हटलं तर त्याचा अर्थ एवढाच की यापुढे उशीर परवडणार नाही. त्याने प्राधान्य मिळत नाही. राखीव साठ्याला हात लागणार हे दिसलं की "मेडे मेडे मेडे, फ्युएल". कुणाशीच संपर्क नसेल तर रेडिओवर 121.5 ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी आणि ट्रान्सपाँडरवर 7700 हा आणीबाणीचा कोड. नंतर द्यावी लागणारी उत्तरं, भरावे लागणारे कागद, लोक काय म्हणतील, या कशाचाही विचार तेव्हा करू नका. 25 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कजवळ कोसळलेल्या एव्हियांका 52 या प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, पण आणीबाणी जाहीर केली नव्हती.

विमानतळ आवाक्यात नसेल तर इंजिन चालू असतानाच मोकळं मैदान निवडून उतरा. पॉवर हातात असताना वरून एक फेरी मारून तारा आणि चर बघता येतात. इंजिन बंद पडल्यावर ही चैन नाही.

9. इंजिन बंद पडलंच तर

नाक खाली, ग्लाइडचा वेग पकडा. 172 एससाठी तो 68 नॉट. वारा नसताना दर 1,000 फुटांना साधारण दीड नॉटिकल मैल मिळतात, म्हणजे 3,000 फुटांवरून साडेचार मैल आणि जेमतेम 4 मिनिटं. उतरायची जागा ठरवा, विमान तिकडे वळवा, आणि मग हात चालवा: सिलेक्टर दुसऱ्या टाकीवर, पंप चालू, मिक्स्चर रिच, आणि कार्बोरेटर असलेल्या विमानात (172 एसमध्ये तो नसतो) कार्बोरेटर हीट. सुरू झालं तर जवळच्या धावपट्टीवर उतरा, पुढे जाऊ नका. टाकी जवळजवळ रिकामी असेल तर हेलकाव्यांनी इंजिन मधूनच उचल खातं. त्या उचलीच्या भरवशावर लांबचं मैदान निवडू नका. खाली येईपर्यंत वेग सोडायचा नाही. स्टॉल होऊन (वेग कमी पडून पंखांचा उठाव जाऊन) पडण्यापेक्षा ताब्यात असलेल्या विमानाने कुंपणाला धडकणं परवडतं.

10. उतरल्यावर

पुन्हा डिपस्टिक. हिशोबाने किती उरायला हवं होतं आणि खरंच किती उरलं, दोन्ही आकडे लॉगमध्ये शेजारी लिहा. फरक थोडा असेल तर खपाचा आकडा सुधारा. मोठा असेल तर झाकणं, ड्रेन आणि पंखाखालचे डाग बघा, मेकॅनिकला दाखवा, आणि विमान क्लबचं असेल तर पुढच्या पायलटच्या नजरेला पडेल अशी नोंद टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) करा. टाक्या किती रिकाम्या आहेत तेही लिहा, कारण त्याने ते भरलेलं आहे असं धरलेलं असू शकतं.